सोलरचं घोडं अडतं ते गच्चीवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भरपूर ऊन असलेल्या विकसनशील देशांत सोलरचा बाजार कसा फोफावतोय, यावरचा आपला लेख वाचला. पाकिस्तानने २०२४ या एका वर्षात सुमारे १७ गिगावॅटची पॅनेलं आयात केली, हे दोनदा वाचलं तेव्हा पटलं. आपल्या अख्ख्या देशाला १०० गिगावॅटचा टप्पा गाठायला जानेवारी २०२५ उजाडला. तिथे विजेचे दर परवडेनासे झाले, चिनी पॅनेलं स्वस्त झाली आणि लोकांनी ती आपापल्या छपरांवर चढवली.

आपापल्या छपरांवर. हे पत्र त्या 'आपापल्या'साठी आहे.

कोथरूडमधल्या आमच्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीचा मी तीन वर्षं सचिव होतो. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे सोलरवर चालवायचे, एवढाच बेत होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक विजेसाठी किलोवॅटमागे १८ हजारांचं अनुदान आहे. दहा किलोवॅट बसवले तर वर्षाच्या सरासरीने दिवसाला चाळीसेक युनिट मिळतात. पावसाळ्यात बरीच कमी, हे मी आधीच सांगून टाकलं होतं. कागदावर सगळं जुळत होतं. सभेत जुळेना.

वरच्या मजल्यावाल्यांना गळतीची धास्ती. नुकतंच वॉटरप्रूफिंग करून घेतलंय, त्यात आता भोकं पाडणार का? काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा राहतो, भोक पाडावं लागत नाही, हे सांगितलं. पण सचिवावर कोण विश्वास ठेवतो! मग एका काकूंनी विचारलं, "कुरडया कुठे घालायच्या?" सभा हसली. मला मात्र तो प्रश्न आजही सगळ्यांत रास्त वाटतो. सांगाडा डोक्याच्या वर उचलला तर खर्च वाढतो, आणि खाली सावली पडते ती पडतेच. सावलीत वाळवण कसलं होणार?

सावलीचा दुसरा मुद्दा पश्चिमेचा. शेजारची तीन मजली इमारत पाडून तिथे आता अकरा मजले उभे आहेत. पॅनेलं एकापुढे एक जोडलेली असतात, त्यामुळे एकावर सावली आली की सगळ्या रांगेची वीज घसरते. दिवाळीच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की काय व्हायचं, ते आठवा. त्यावर वेगळे उपाय आहेत, पण तेही पैसे मागतात.

शेवटचा घाव पुनर्विकासाचा. पाच वर्षांत आपलीच बिल्डिंग पडणार, मग पंचवीस वर्षं टिकणारी पॅनेलं कशाला? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ठराव बारगळला. गंमत म्हणजे त्याच गच्चीवर सोलर बंब कैक वर्षं उभे आहेत. त्यासाठी महापालिका मिळकतकरात सवलतही देते. बंबाला कुणी कधी हरकत घेतली नाही, कारण गरम पाणी ज्याच्या त्याच्या नळाला येतं.

स्वस्त पॅनेल आलं की बाजार आपोआप वाढतो, असा आपल्या लेखाचा सूर आहे. तो मला पुरता पटत नाही. बांगलादेशात २००३ पासून चाळीस लाखांवर घरांत छोटे सोलर संच बसले, ते पॅनेल महाग असतानाच. हप्ते बेताचे होते आणि घरावरचा पत्रा स्वतःचा होता. केनियात लोक मोबाइलवरून रोजचा हप्ता भरतात; हप्ता थकला की संच बंद पडतो. दोन्हीकडे ठरवणारं घर एकच. आमच्याकडे ठरवणारी घरं चोवीस.

किमतीचंच म्हणाल तर परदेशी पॅनेलांवर आपण एप्रिल २०२२ पासून ४० टक्के सीमाशुल्क लावलं, आणि अनुदान हवं असेल तर पॅनेल देशी बनावटीचंच लागतं. देशी कारखाने उभे राहावेत म्हणून ते मान्य. पण मग पाकिस्तानशी तुलना करताना हेही सांगायला हवं.

सहकारनगरमधला बंगलेवाला तीन किलोवॅट बसवतो, ७८ हजारांचं अनुदान घेतो आणि बिल जवळपास विसरतो. त्याच रस्त्यावरचा फ्लॅटवाला नुसता बघतो. दिल्लीत यावर आभासी नेट मीटरिंग आहे: पॅनेलं एका जागी, आणि त्यांची युनिटं वाटून अनेकांच्या बिलांतून वजा. आमच्या सभेत मी हे नाव काढलं तेव्हा कुणी ते ऐकलेलंच नव्हतं. पुण्यातल्या फ्लॅटवाल्याला त्यासाठी काय करावं लागेल, हे आपल्या दैनिकाने एकदा सविस्तर छापावं.

आणि शक्य असेल तर एखाद्या सोसायटीच्या सभेला बातमीदार पाठवावा. आमची सभा ठरल्या वेळी कोरमअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी भरते. तेव्हा त्यांनी अर्धा तास उशिरा आलं तरी चालेल.

आपला,
एक माजी सचिव, कोथरूड, पुणे