तानपुऱ्याच्या नादावर मालकी कुणाची?

मा. संपादक,
स. न.

इंटरनेटवरच्या गाण्यांच्या चोरीबद्दल आपल्या अंकात नुकतेच एक वाचकपत्र आले होते. व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक व्हिडिओ आधी तपासावा, नाहीतर त्यांच्यावर गुन्हे नोंदवावेत, असे त्यात म्हटले होते. चोरी थांबावी हे मान्य. पण तपासणीचा वरवंटा कुणावर फिरतो, ते मी सध्या भोगतो आहे.

मी मिरजेत सतारी आणि तानपुरे बनवतो. २०२४ मध्ये इथल्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून परगावची गिऱ्हाइके फोनवरच चौकशी करतात. पण आवाज ऐकल्याशिवाय तानपुरा कोण घेणार? म्हणून जवारी काढून झाली (म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज खुलवून झाला), की मुलगा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ करून टाकतो. त्यात बोलणे नाही, गाणे नाही. काळी एकच्या पट्टीत मिळवलेल्या चार तारा आणि माझी बोटे, एवढेच. (मागे गल्लीतल्या रिक्षाचा हॉर्न असतो, त्यावर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.) अशाच एका व्हिडिओवर एका ध्वनिमुद्रण कंपनीचा दावा आला, की यातला आवाज आमच्या अल्बममधला आहे. आम्ही हरकत घेतली. ती निकालासाठी गेली त्याच कंपनीकडे, आणि ‘दावा कायम’ असे उत्तर आले. आता त्या व्हिडिओच्या आधी जाहिरात लागते, तिचे पैसे दावेदाराला. परवा लागलेली जाहिरात तर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची होती! नावे मुद्दाम देत नाही. माझे भांडण पद्धतीशी आहे.

हे कशाने झाले असावे, ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही ओळखता येईल. ख्यालाच्या पुष्कळ ध्वनिमुद्रणांत गायक षड्ज लावण्याआधी नुसता तानपुरा ऐकू येतो. ध्वनिमुद्रण कंपनी अख्खा अल्बम नमुना म्हणून व्हिडिओ कंपनीच्या आवाज जुळवून पाहणाऱ्या यंत्राला देते, त्यात तो तुकडाही जातो. पंचम, जोडी, खर्ज हा तारांचा क्रम तर घरोघरच्या तानपुऱ्यात तोच. घोडीवर तारेखाली घातलेले सूत केसभर सरकले की आवाज कसा उघडतो, ते आमच्या कानाला कळते. यंत्राला पट्टी जुळली की पुरे.

व्हिडिओ कंपन्या इतक्या का घाबरतात, त्यालाही कारण आहे. गूगलने ऑक्टोबर २००६ मध्ये यूट्यूब १६५ कोटी डॉलरला घ्यायचे जाहीर केले, आणि पाचच महिन्यांनी व्हायकॉम या अमेरिकी माध्यम कंपनीने यूट्यूबवरच्या चोरीच्या व्हिडिओंवरून १०० कोटी डॉलरचा दावा ठोकला. ते प्रकरण मिटायला २०१४ उजाडले. आपल्याकडे टी-सीरीजने मायस्पेस या संकेतस्थळाला गाण्यांच्या चोरीवरून दिल्ली उच्च न्यायालयात खेचले. २०११ मध्ये निकाल मायस्पेसच्या विरोधात गेला. २०१६ मध्ये खंडपीठाने तो फिरवला आणि सांगितले, की आपल्या जागेवर चोरीचा माल असू शकतो एवढी मोघम जाणीव पुरेशी नाही, नेमके कोणते गाणे ते कंपनीला माहीत असले पाहिजे. हा निकाल मला योग्य वाटतो. लाखो गाण्यांत कुणाकडे कशाची परवानगी आहे, हे कंपनी सांगणार तरी कसे? पण कोर्टकचेरी नको म्हणून बड्या हक्कदारांना हाताशी धरून जी यंत्रे बसवली गेली, त्यांत समोरच्या लहान माणसाची बाजू कुणी ऐकत नाही.

गंमत अशी, की आपला कायदा यापेक्षा बरा आहे. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला ७५ वा नियम पाहा. लेखी तक्रार आली की कंपनीने ३६ तासांत मजकूर थांबवायचा. मात्र तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर कंपनी तो पुन्हा दाखवू शकते. तक्रारीत आपला हक्क कसा, हेही तक्रारदाराने सांगायचे असते. म्हणजे कोर्टात जायचा भार दावा करणाऱ्यावर. यंत्राच्या दाव्यात सगळे उलटे होते. व्हिडिओ हटवलेला नसतो, फक्त त्याची कमाई वळवलेली असते, त्यामुळे ३६ तास नाहीत, २१ दिवस नाहीत आणि न्यायालयही नाही. निराधार धमकीविरुद्ध कॉपीराइट कायद्याचे कलम ६० आहे म्हणतात. पण जाहिरातीच्या किरकोळ पैशांसाठी वकील लावून सांगलीला तारखांना कोण जाईल?

माझी मागणी साधी आहे. यंत्राने केलेल्या दाव्यालाही हा २१ दिवसांचा नियम लावा, आणि मुदतीत आदेश आला नाही तर दावा काढून टाकणे कंपनीच्या मर्जीवर न सोडता सक्तीचे करा. तोवर जाहिरातीचे पैसे कुणालाच न देता बाजूला ठेवावेत. हरकतीचा निकाल दावेदाराने देऊ नये, हे तर सांगायलाही लागू नये. आपल्या जिल्ह्याच्या खासदारांनी हा विषय लोकसभेत मांडावा. कागदपत्रे आणि तो व्हिडिओ मी दाखवायला तयार आहे.

एक वाद्यकारागीर, मिरज, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)