दंडाची पावती आणि सातबारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या तोंडावर सुरत-नागपूर महामार्गावर वाहनांची तपासणी सुरू झाली, की पारोळ्यापासून भुसावळपर्यंत एकच बोलणं कानावर येतं : "काय व्हई भो, फार तर दोन हजार भरी देसू." विमा नसलेल्या गाडीला दोन हजार, हे सगळ्यांना पाठ झालं आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ नुसार पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे. आधी तो १,००० होता. याच कलमात तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे, पण तिचं नाव कोणी काढत नाही. आपली गाडी दुसऱ्याला चालवायला देणारा मालकही याच कलमात येतो. "भाऊ, जरा गाडी दे, शिरपूरला जाऊन येतो" म्हणणाऱ्याच्या हातात चावी ठेवताना हे कोणाच्या ध्यानात असतं?

हिशेबी माणसाला हा दंड परवडतो, हे मान्य करायला हवं. हजार सीसीपर्यंतच्या खासगी कारचा थर्ड पार्टी विम्याचा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या) हप्ता २०२२ च्या दरपत्रकानुसार २,०९४ रुपये, वर जीएसटी. म्हणजे वर्षातून एकदा पकडले गेलो तरी फायदाच! मोटारसायकलवाल्यांचं मात्र मला कोडंच आहे. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला याच दरपत्रकात हप्ता फक्त ७१४ रुपये. तेवढे वाचवायला दोन हजारांची जोखीम घ्यायची, हे कोणतं गणित?

मी धुळ्यात न्यायालयाच्या आवारात बसून अर्ज टाइप करतो. अपघाताचे दावे रोज हाताखालून जातात, म्हणून पावतीपुढचा हिशेब मांडतो. समजा, गाडीखाली २८ वर्षांचा माणूस गेला. महिन्याला दहा हजार कमावणारा, मागे चार माणसं अवलंबून. अपघाताचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण वर्षाची कमाई १ लाख २० हजार धरतं, स्वतःच्या धंद्यावर जगणारा असेल तर भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवतं, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करतं आणि उरलेल्या १ लाख २६ हजारांना वयानुसार १७ ने गुणतं. झाले २१ लाख ४२ हजार. कुटुंबाच्या दुःखाची आणि अंत्यविधीची रक्कम वेगळी, व्याज वेगळं. चूक कोणाची हे न पाहता ठरावीक भरपाई मागायची सोयही कायद्यात आहे, तिथेसुद्धा मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख आहेत.

विमा असता तर हे पैसे कंपनीने भरले असते. नसेल तर मालकाने. आणि 'माझ्याकडे नाहीत' म्हणून सुटका नाही. कलम १७४ नुसार ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला जातो आणि वसुली शेवटी सातबाऱ्यापर्यंत पोचते. रावेर-यावलची केळीची बागाईत असो की शिंदखेड्याची कोरडवाहू, तिथे फरक नाही. अपघातातली गाडीही तारणाशिवाय परत मिळत नाही. तीन महिन्यांत तारण दिलं नाही तर लिलावात काढून पैसे न्यायाधिकरणात भरायचा नियम आहे.

विमा संपतो कसा, तेही पाहा. १ सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा शोरूममध्येच निघतो. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा दसऱ्याला घेतलेली दुचाकी त्यामुळे पाच वर्षं बिनघोर पळते. नेमकी त्याच सुमारास ती विकली जाते. आमच्याकडे जुन्या दुचाकींचा व्यवहार म्हणजे स्टॅम्प पेपरवर दोन सह्या, नाव चढवणं 'सावकाश'. विमा संपल्याचा मेसेज पहिल्या मालकाच्या मोबाइलवर जातो, तो पुसून टाकतो. गाडी वापरणाऱ्याला पत्ताच नसतो. यात भरडला जातो विकणारा. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडी विकून मोकळा झालो म्हणणाऱ्याच्या दारात दोन वर्षांनी नोटीस येते, तेव्हा तो ज्या तोंडाने आमच्या टेबलापुढे उभा राहतो, ते बघवत नाही.

ट्रॅक्टरचा विषय तर निराळाच. ट्रॉली कायद्याने वेगळं वाहन आहे, हे सांगितलं की लोक हसतात. कापूस वेचणीला बाया ट्रॉलीत भरून नेतात, कानबाई देवीच्या विसर्जनाला अख्खी गल्ली त्यात चढते. शेतीकामाच्या विम्यात ही माणसं बसत नाहीत. अपघात झाला की कंपनी हात वर करते आणि बऱ्याच वेळा कोर्टात तिचं म्हणणं टिकतं. म्हणजे कागद असूनही मालक उघडाच.

माझी तक्रार तपासणीच्या पद्धतीबद्दल आहे. दोन हजारांची पावती फाडली, की गाडी सोडून देतात. ती विम्याशिवाय आली होती, विम्याशिवायच पुढे जाते, आणि दहा किलोमीटरवर कोणाला उडवलं तर त्या पावतीचा जखमीच्या घरच्यांना काडीचाही उपयोग नाही. पावती देतानाच मोबाइलवर विमा काढायला लावावा, नाहीतर आठ दिवसांत पोलिस ठाण्यात पॉलिसी दाखवण्याची अट घालावी. हंगामात जिनिंगच्या फाटकावर आणि बाजार समितीत ट्रॅक्टरांच्या रांगा असतातच. तपासणी तिथे करावी, दंडासाठी नव्हे, कागद पुरे करून घेण्यासाठी. जिल्हा पोलिस अधीक्षक आणि आरटीओ यांनी कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी याचा विचार करावा, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत करतो.

आपला,
एक वाचक, देवपूर, धुळे