डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढल्याशिवाय न सोडणाऱ्या अक्कांना

अक्का,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण बेळगावात डोळ्यांच्या दवाखान्यात मशीनवर बसणाऱ्या तुम्हीच, हे दोन ओळींत तुमच्या लक्षात येईल.

निपाणीत विड्या वळून आईनं आम्हाला वाढवलं. सुपात पान-तंबाखू घेऊन बसली की मान वर करत नाही. तीच एक दिवस म्हणायला लागली, उजव्या डोळ्यापुढं तांबूस डाग येतोय, दोरा गुंडाळताना विडीचं तोंडच दिसत नाही. आधी एका ठिकाणी नंबर बदलून दिला. नवा चष्मा आला, डाग तसाच. दम लागायचा, डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, पण दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या बाईच्या थकव्याला कोण आजार म्हणतं?

तुमच्याकडे आलो तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की अर्धा तास जाणार, म्हणून आई उठूनच निघाली होती. तुम्ही तिचा हात धरलात. "मावशी, बस दुसरी मिळंल, पडदा बघितल्याबिगर सोडायची न्हाई मी." कन्नड घरातल्या तुम्ही, आईशी मात्र अगदी तिच्याच बोलीत बोललात. ती बसली.

स्क्रीनवर नारिंगी पडदा उमटला आणि तुम्ही बोलायच्या थांबलात. शिरा पुरातल्या वेदगंगेसारख्या फुगून वाकड्यातिकड्या गेलेल्या. जागोजागी रक्ताचे डाग, त्यातल्या काहींच्या मधोमध पांढरा ठिपका. मग डाव्या डोळ्याचाही फोटो काढलात. त्या डोळ्याची तर आईची काही तक्रारच नव्हती. तिथंही तेच!

तुम्ही स्वतः कसलं निदान सांगितलं नाहीत, उठून सरळ डॉक्टरांना घेऊन आलात. त्यांनी समजावलं, अशा डागांना रॉथ स्पॉट म्हणतात. मोरित्झ रॉथ या स्विस डॉक्टरांनी १८७२ साली ते नोंदवले होते, हे मी पुढे वाचलं. ते ब्लड कॅन्सरमध्ये येतात, पण रक्त कमी असलं, मधुमेह किंवा रक्तदाब असला, हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला तरी ते दिसतात. त्यामुळे फोटोवरून ब्लड कॅन्सर ठरत नाही, पण दोन्ही डोळ्यांत असं दिसलं तर रक्त तपासायला उद्यापर्यंत थांबू नये. चिठ्ठीवर 'आजच' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. लॅब बंद व्हायच्या आत पोचावं म्हणून फोन तुम्हीच केलात.

पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असाव्यात, आईच्या दोन लाखांच्या वर होत्या. रक्त इतकं दाट झालं होतं, की पडद्याच्या बारीक वाहिन्यांत ते तुंबून झिरपत होतं. बरगडीखालचं जडपण म्हणजे वाढलेली प्लीहा. पुढे बीसीआर-एबीएल या बिघडलेल्या जनुकाच्या तपासणीत क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एक प्रकारचा ब्लड कॅन्सर, पक्का झाला. या आजारावर इमॅटिनिबची गोळी आहे, २००१ पासून वापरात आलेली. त्याआधी असा आजार निघालेल्या घरांचं काय होत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

गोळी रोज चालू आहे. पेशी ताब्यात आल्या, प्लीहा उतरली. परवा तुम्ही काढलेला नवा फोटो आणि तो जुना, दोन्ही शेजारी ठेवून आईला दाखवलेत. डाग विरलेत, शिरा बारीक झाल्यात. आईला त्यातलं किती कळलं, माहीत नाही. पण घरी येऊन शेजारणीला हातवारे करून सांगत होती, "असं लाल लाल हुतं, आता बघ, गेलं सगळं." रक्ताच्या डॉक्टरांचे उपकार आहेतच, ते आम्ही जन्मभर मानू. पण त्यांच्या दारापर्यंत आम्हाला पोचवलं ते तुम्ही, अक्का. मनापासून आभार.

आणि एक विनंती. आईबरोबर विड्या वळणाऱ्या दोघींना बरीच वर्षं साखर आहे, पडदा कधीच तपासलेला नाही. पुढच्या खेपेला आई त्यांनाही घेऊन येणार आहे. या वेळी सकाळच्या बसनं येऊ, म्हणजे थेंब घालायला वेळ मिळेल.

तुमची,
मावशींची थोरली लेक, निपाणी