म्हातारपणाची तयारी गावातच व्हावी: ज्येष्ठ नागरिक खात्याच्या मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. लक्ष्मी हेब्बाळकर,
महिला व बालकल्याण, दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिक सबलीकरण मंत्री, कर्नाटक सरकार

महोदया, सप्रेम नमस्कार.

आपण बेळगाव ग्रामीणच्या आमदार. उचगाव, हिंडलग्याकडची घरं आपल्याला सांगायला नकोत. मी लिहिते आहे ती खानापूर तालुक्यातून. इकडची पोरं गोव्याला, पुण्याला, कोल्हापूरच्या एमआयडीसीत गेली. जांबोटी, कणकुंबी, नंदगड, गुंजी, कुठेही शिरा. सोप्यावर बसलेली माणसं साठीच्या पुढची. गणपतीला घर भरतं, विसर्जन झालं की पुन्हा दोन म्हातारी माणसं आणि एक कुलूपबंद खोली. माझ्यासारखी पन्नाशी ओलांडलेली पिढी दहा-पंधरा वर्षांत त्याच सोप्यावर बसणार आहे. म्हणून हे पत्र आजच्या म्हाताऱ्यांसाठी आहे तितकंच उद्याच्या म्हाताऱ्यांसाठीही आहे.

२००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिक कायदा प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रमाची गोष्ट करतो. ज्यांना कुणीच नाही त्यांना तो हवाच. पण आमच्या गावातल्या माणसाला घर आहे, दोन गुंठे परसू आहे, ग्रामदेवतेची पालखी आहे, संध्याकाळचा हरिपाठ आहे. त्याला कुठे जायचंच नाही. त्याला स्वतःच्या पायावर न्हाणीघरापर्यंत जायचं आहे आणि स्वतःच्या हाताने चहा करून प्यायचा आहे. सरकारी योजनांत पेन्शन सापडते, वृद्धाश्रम सापडतो. हे मधलं सगळं आयुष्य मात्र सापडत नाही.

पायांपासूनच सुरुवात करते, कारण सगळं तिथेच अडतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पासष्टीपुढच्या दर तिघांतला साधारण एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. खुब्याचं हाड मोडलं की अंथरूण, आणि अंथरुणाला लागलेलं म्हातारं माणूस परत उठेलच असं नाही. आमच्याकडे याचं एक कारण प्रेमातूनच येतं. साठीपर्यंत चिखलात वाकून रोपलागण केलेल्या बाईला मुलगा सून म्हणतात, "आई, खूप केलंस, आता बस." ती बसते. जन्मभर शेतात कमावलेली मांड्यांची ताकद दोन-तीन वर्षांत उतरते आणि मग पाटावरून उठताना भिंत लागते. विश्रांती तिचा हक्कच आहे. पण शेतातलं काम सुटलं तरी पायांचं काम सुटू नये, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. तोल आणि ताकदीचे व्यायाम नियमित केले तर पडण्याचं प्रमाण साधारण पाव भागाने कमी होतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. तपासणीला एक खुर्ची आणि घड्याळ पुरतं. हात छातीशी धरून ३० सेकंदांत किती वेळा उठबस होते ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयात बाईची १२ पेक्षा किंवा पुरुषाची १४ पेक्षा कमी भरली, तर पाय मागे पडू लागले असं समजावं. हे पंचावन्नाव्या वर्षीच मोजायला लागलो तर हातात दहा वर्षं राहतात. भजनाआधी देवळाच्या सभामंडपात अर्धा तास व्यायाम घेता येईल. गावोगाव निवृत्त जवान आहेत, मराठा लाईट इन्फंट्रीत घाम गाळलेले. त्यांना फिजिओथेरपिस्टकडून चार दिवसांचं प्रशिक्षण द्या, गाव ते सांभाळेल. फक्त आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या माथी हे आणखी एक काम मारू नका. त्या आधीच वाकल्या आहेत.

आता दवाखान्याबद्दल. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांची तपासणी व्हावी, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जावं, असं त्यात आहे. हा ठरलेला वार प्रत्येक केंद्राच्या दारावर लिहिलेला असावा, कन्नडमध्ये आणि मराठीतही.

मराठीचा आग्रह वादासाठी नाही. सत्तरीची आजी सुनेला किंवा नातवाला दुभाषी करून डॉक्टरांशी बोलते, तेव्हा ती फक्त गुडघेदुखी सांगते. खोकताना लघवी सुटते म्हणून लग्नकार्याला जाणं सोडलंय, हे ती नातवाच्या तोंडून कसं सांगणार? घरात कुणी हात उगारत असेल तर सुनेसमोर काय बोलणार? स्मरणशक्तीच्या तपासणीत तर आणखी घोटाळा होतो. महिना विचारला तर ती "भाद्रपद" म्हणेल. परक्या भाषेतला प्रश्नच कळला नाही तर बुद्धी शाबूत असलेल्या बाईवर विसराळूपणाचा शिक्का बसेल. भाषिक अल्पसंख्याक जिथे १५ टक्क्यांहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात हे तत्त्व देशाने कधीच मान्य केलं आहे. संध्या सुरक्षा या म्हातारपणीच्या पेन्शनच्या १,२०० रुपयांची कागदपत्रं आणि गोळ्यांच्या पाकिटावरचा "सकाळी, जेवल्यावर" हा शब्द मराठीत मिळावा. जत, अक्कलकोटच्या कन्नड आजीलाही महाराष्ट्र सरकारने हेच द्यायला हवं, आणि त्यासाठीही आम्ही बोलू.

आपल्या सरकारने लहान लेकरांसाठी पंचायतींत 'कूसिन मने' ही पाळणाघरं सुरू केली. बायांना बसप्रवास मोफत करणाऱ्या शक्ती योजनेने २०२३ पासून आमच्या म्हाताऱ्या बाया तिकिटाची चिंता न करता सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाऊ लागल्या; बसची पहिली पायरी तेवढी त्यांच्या गुडघ्याच्या वर येते. याच मायेने पंचायतीत ज्येष्ठांसाठी दिवसाची एक खोली द्या: दुपारचं गरम जेवण, रक्तदाब-साखरेची तपासणी, गप्पा. पंचायतीने एकट्या राहणाऱ्यांची नोंदवही ठेवावी. कोण एकटं, कुणाला दिसत नाही, कुणाची गोळी कधी संपते. भीमगड जंगलातल्या आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोलीसारख्या गावांत तर पाऊस लागण्याआधी तीन महिन्यांची औषधं पोहोचायलाच हवीत. परसातल्या संडासाला धरायला दांडा, न्हाणीला खरखरीत फरशी आणि वाटेवर एक दिवा, एवढ्यासाठी घरदुरुस्तीची छोटी मदत मिळाली तर कितीतरी हाडं वाचतील.

सगळा जिल्हा एकदम करा असं म्हणत नाही. आपल्या मतदारसंघातली एक पंचायत आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यातली एक, अशा दोन निवडा आणि वर्षभर चालवा. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा एवढी एक घोषणा करावी. सभामंडप आमचा, व्यायाम घेणारी माणसं आमची, नोंदवही लिहायला आम्ही निवृत्त शिक्षिका आहोतच. आपल्याकडून हवा तो आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट, औषधांचा न तुटणारा पुरवठा आणि पंचायतीच्या नावाने मराठी-कन्नड दोन्हीत काढलेला एक आदेश.

आपली विश्वासू,
खानापूर तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका