पुनर्बांधणीनंतर इंजिनाचे ऑइल प्रेशर टिकत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. सेवा व्यवस्थापक,
इंजिन पुनर्बांधणी विभाग, नागपूर.

विषय : नावेच्या डिझेल इंजिनाच्या सदोष पुनर्बांधणीबाबत

महोदय,

माझ्या मासेमारीच्या नावेचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन मी गेल्या फेब्रुवारीत आपल्याकडे पूर्ण पुनर्बांधणीसाठी दिले होते. नवे लायनर, पिस्टन व रिंग, क्रँकचे (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचे) ०.२५ मि.मी. ग्राइंडिंग, त्यावरची नवी बेअरिंग आणि ऑइल पंपाची तपासणी या कामांचे ५८,००० रुपये मी एकरकमी भरले. हे इंजिन आता एकूण २२ तास चालले असून ते सुरू करण्याची माझी हिंमत होत नाही.

मी राहतो नागपुरात, पण माझी नाव गोसीखुर्दच्या जलाशयात चालते. थंड इंजिनाला ऑइल प्रेशर चौरस सेंटिमीटरला ४ किलो दिसते. चाळीस मिनिटे चालल्यावर तेच मिनिटाला १५०० फेऱ्यांना ०.८ किलोवर येते आणि आयडलवर (सर्वांत कमी वेगावर) काटा ०.२ च्या आसपास थरथरतो. या इंजिनाच्या पुस्तिकेत गरम अवस्थेत, चालत्या वेगाला किमान २.५ किलो प्रेशर सांगितले आहे.

मीटरवर विसंबून तक्रार करू नये म्हणून मी विजेचा सेन्सर काढून त्या जागी नळीचा यांत्रिक गेज बसवला. आकडे तेच आले. नावेत इंजिन मागच्या बाजूला कललेले असल्याने डिपस्टिकची खूण फसवू शकते, म्हणून संपूर्ण ऑइल काढून मापाने मोजले, तर ते पुस्तिकेप्रमाणे ६ लिटरच निघाले. ऑइलला डिझेलचा वास नव्हता आणि पातळीही वाढलेली नव्हती, म्हणजे फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल मिसळले असण्याची शक्यता उरत नाही. ऑइल दुधाळ झालेले नव्हते. तापलेल्या तव्यावर त्याचा थेंब टाकला तेव्हा तडतडलाही नाही, म्हणजे पाणीही नाही. जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह काढून, धुऊन, स्प्रिंग पाहून परत बसवला. प्रेशरमध्ये काडीचाही फरक पडला नाही.

मग मी ऑइल फिल्टर कापून उघडला. कागदाच्या घड्यांमध्ये तांबूस, चकचकीत बारीक पापुद्रे होते आणि लोहचुंबक फिरवल्यावर त्यांतला एकही चिकटला नाही. बेअरिंगचा वरचा मऊ थर जाऊन खालचे तांबे उघडे पडले की असे दिसते, हे इंजिन उघडणारा कोणताही अनुभवी मिस्त्री सांगेल. नव्या बेअरिंगची ही अवस्था अवघ्या २२ तासांत व्हावी, हीच माझी मुख्य तक्रार आहे. काढलेले ऑइल कापडातून गाळले तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढे सीलंटचे तुकडेही सापडले. तरीही इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमधली, पंप जिच्यातून ऑइल ओढतो ती जाळी तुंबणे हे मूळ कारण असेल, असे मला वाटत नाही, कारण तसे असते तर थंड, घट्ट ऑइलालाच ओढ कमी पडली असती आणि वेग वाढवल्यावर प्रेशर खाली आले असते. इथे ऑइल पातळ झाले की प्रेशर जाते आणि वेग वाढवला की थोडे वर येते. हे लक्षण बेअरिंगमधली फट वाढल्याचे आहे.

ती का वाढली असावी, याबद्दल मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट नमूद करतो. इंजिन बांधून झाल्यावर तीन आठवडे आपल्याकडे कोरडे पडून होते. ताबा घेताना मी तिथे उभा होतो. आपल्या मिस्त्रीने ऑइल पंप भरून घेतला नाही, डिझेल बंद ठेवून स्टार्टरवर इंजिन फिरवलेही नाही. थेट सुरू केले. ऑइलचा लाल दिवा विझायला जवळजवळ वीस सेकंद लागले. त्या वेळी मी विचारले, तेव्हा ‘नवीन आहे, लागतो वेळ’ असे उत्तर मिळाले. ते मान्य करून मी गप्प बसलो, याची आज मला खंत आहे.

आपल्या फोरमननी दूरध्वनीवर दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, जलपर्णीने पाण्याची गाळणी तुंबून इंजिन तापले असेल. नागनदीचे सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत पोहोचते आणि आमच्या जलाशयात जलपर्णी आहे, हे मी नाकारत नाही. म्हणूनच मी रोज गाळणी साफ करतो आणि दर फेरीला तापमान वहीत लिहितो. ते एकदाही ८२ अंशांच्या वर गेलेले नाही. दुसरी, सध्याचे १५ डब्ल्यू ४० ऑइल काढून २० डब्ल्यू ५० हे जाड ऑइल टाकावे. जाड ऑइलाने काटा वर चढेल, पण झिजलेले बेअरिंग बरे होणार नाही. काठापासून चार किलोमीटरवर, वारा सुटलेला असताना, नावेत आम्ही तिघे असताना क्रँक जाम झाला तर काट्याचा काय उपयोग?

क्रँकच्या जर्नलचे (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाचे) ग्राइंडिंगनंतरचे माप आणि बेअरिंगमधली फट यांचा मापन तक्ता मी दोनदा मागितला, तो आजवर मिळालेला नाही. शंभरांश मिलिमीटरांत चालणाऱ्या या कामात माप लिहून ठेवलेले नसेल, तर ते घेतले होते हे मी कशावरून मानावे?

माझी मागणी अशी आहे की, इंजिन माझ्या उपस्थितीत उघडावे, प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने मोजून आकडे लेखी द्यावेत, ऑइल पंप व जाळी तपासावी, सर्व ऑइलमार्ग धुवावेत आणि बेअरिंग व गरज असल्यास क्रँक विनामूल्य बदलून द्यावा. पुन्हा सुरू करण्यापूर्वी ऑइलमार्ग दाबाने भरून घेतला जावा आणि गरम अवस्थेतील प्रेशर माझ्यासमोर नोंदवले जावे. नाव बंद असल्याने बुडालेल्या रोजगाराचा हिशेब मी वेगळा सादर करीन.

ही नाव मी स्वतः चालवतो आणि तीच माझ्या उपजीविकेचे साधन आहे. त्यामुळे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार मी ग्राहक ठरतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी तक्रार दाखल करीन. माझी पहिली इच्छा मात्र हीच आहे की, ज्यांनी इंजिन बांधले त्यांनीच ते नीट करून द्यावे.

कापलेला फिल्टर, गाळलेले सीलंटचे तुकडे आणि एक लिटर जुने ऑइल मी बंद डब्यांत जपून ठेवले आहे. बिलाची व तापमानाच्या वहीची छायाप्रत सोबत जोडली आहे. आपण कळवाल त्या दिवशी इंजिन कारखान्यात पोहोचवण्यास मी तयार आहे. तोपर्यंत ते सुरू केले जाणार नाही.

आपला,
(सही)
नाव व पत्ता बिलाप्रमाणे