विक्रमचा अहवाल आता तरी खुला करा

मा. डॉ. व्ही. नारायणन,
अध्यक्ष, इस्रो व सचिव, अवकाश विभाग,
अंतरिक्ष भवन, बेंगळुरू

सप्रेम नमस्कार.

आपण जानेवारी २०२५ मध्ये इस्रोची सूत्रे घेतलीत. पण हे पत्र अध्यक्षांपेक्षा २०१९ सालच्या एका समितीच्या प्रमुखांना आहे. चांद्रयान-२ च्या ‘विक्रम’ लँडरचे, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या यानाचे, काय बिनसले, हे शोधण्यासाठी नेमलेल्या समितीचे आपणच प्रमुख होतात. समितीने काम केले, अहवाल दिला, आणि तो कपाटात गेला. ज्यांनी तो लिहिला तेच आज तो खुला करू शकतात, असा योग सरकारी कारभारात फार वेळा येत नाही. म्हणून लिहितो आहे.

७ सप्टेंबर २०१९ ची पहाट साऱ्या देशाने जागून काढली. २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळे ठरल्याप्रमाणे होते, मग संपर्क तुटला, असे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन यांनी सांगितले. पण थेट प्रक्षेपणात पडद्यावरचे आकडे त्यानंतरही हलत होते. ते थांबले तेव्हा विक्रम जमिनीपासून साधारण ३३० मीटरवर होता आणि सेकंदाला जवळपास ५८ मीटर वेगाने खाली येत होता. म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. त्याचे पाय सोसणार होते ते सेकंदाला २ मीटर. उरलेले अंतर सहा सेकंदांचेही नव्हते. शाळेतल्या मुलालाही जमेल असे हे गणित आहे, तेव्हा आपल्या अभियंत्यांना ते त्याच रात्री कळले नसेल, हे मला पटत नाही.

तरीही पुढचे दोन आठवडे हाका मारणे सुरूच राहिले. बेंगळुरूजवळच्या ब्यालालूची ३२ मीटरची अँटेना, दूरच्या यानांशी बोलणाऱ्या नासाच्या डीप स्पेस नेटवर्कच्या अँटेना, सगळीकडून संदेश जात होते. त्याला माझा आक्षेप नाही. यंत्र गप्प झाले म्हणजे मेलेच असे नसते. चंद्रावरचा, आपल्या साधारण दोन आठवड्यांचा, दिवस मावळेपर्यंत प्रयत्न करायलाच हवे होते. आक्षेप आहे तो आम्हाला काय सांगितले गेले याला. १० सप्टेंबरला इस्रोने कळवले, की चंद्राभोवती फिरणाऱ्या ऑर्बिटरने विक्रमला शोधले आहे, संपर्क मात्र झालेला नाही. ज्या चित्रात तो दिसला, ते चित्र काही आम्हाला दिसले नाही. मग देशभर नवस-प्रार्थना सुरू झाल्या. आमच्या नागपूरच्या पोलिसांनी तर, बाबा रे, उत्तर दे, सिग्नल तोडलास म्हणून पावती फाडणार नाही, अशा अर्थाचे ट्विट केले. लोक हसले, हळहळलेही. आशा किती उरली आहे, हे त्या दिवसांत कुणी नीट सांगितले असते तर लोकांनी तेही समजून घेतले असते. शेवटी डिसेंबरात विक्रमच्या अवशेषांची छायाचित्रे नासाने प्रसिद्ध केली, आणि त्यातला पहिला तुकडा ओळखला होता चेन्नईच्या एका इंजिनिअरने, घरच्या संगणकावर.

त्यानंतर माहिती मिळाली ती तुकड्यातुकड्याने. नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकसभेत लेखी उत्तर आले: ३० किलोमीटरपासून ७.४ किलोमीटरपर्यंत ठीक, वेग सेकंदाला १,६८३ मीटरवरून १४६ वर आला, दुसऱ्या टप्प्यात मात्र वेग आखल्यापेक्षा जास्त घटला आणि विक्रम ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत आदळला. हे असे का झाले, ते कळायला २०२३ साल उजाडले. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चुका साचत गेल्या, यानाला भराभर वळावे लागले पण सॉफ्टवेअरने वळण्याच्या वेगाला मर्यादा घातली होती, आणि उतरायची जागा होती जेमतेम ५०० मीटर बाय ५०० मीटर. हे तेव्हाचे इस्रो अध्यक्ष सोमनाथ सरांनी मोकळेपणाने सांगितले, त्याबद्दल त्यांचे आभारच. पण ते चांद्रयान-३ च्या तोंडावर आणि तोंडी. कागद नाहीच.

इतरांकडे बघा. मंगळावर उतरणारा नासाचा मार्स पोलर लँडर डिसेंबर १९९९ मध्ये हरवला. मार्च २००० मध्ये नासाचा अहवाल लोकांच्या हातात होता. जपानच्या आयस्पेस या खासगी कंपनीचे चांद्रयान एप्रिल २०२३ मध्ये कोसळले. उंची मोजण्यात सॉफ्टवेअर कसे फसले आणि इंधन कसे संपले, हे त्यांनी महिनाभरात जाहीर केले. त्यांना तर गुंतवणूकदारांना तोंड द्यायचे होते! जपानची अवकाश संस्था जाक्साचे ‘स्लिम’ हे यान जानेवारी २०२४ मध्ये चंद्रावर नाकावर उलटे उतरले. सौर पट्ट्यांना ऊन मिळत नाही, बॅटरी १२ टक्क्यांवर आल्यावर आम्ही ती तोडली, ऊन फिरले तर पुन्हा जागे होईल, असे त्यांनी सांगून टाकले. आठवडाभराने ऊन फिरले आणि संपर्क झालाही.

आपल्या घरातही उदाहरणे आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१० हे रॉकेट फसले, तेव्हा हायड्रोजनच्या टाकीच्या व्हॉल्व्हमधली गळती इस्रोनेच जाहीर केली. सप्टेंबर २०२३ मध्ये चांद्रयान-३ चा विक्रम चंद्राच्या रात्रीनंतर जागा झाला नाही. अजून सिग्नल नाही, असे इस्रोने एका ओळीत सांगितले आणि लोकांनी ते ऐकून घेतले. कुणाचा इस्रोवरचा विश्वास उडाला नाही.

सुरक्षेचे कारण पुढे येईल, हे ठाऊक आहे. इंजिनांचे, सेन्सरांचे तपशील असलेली पाने काळी करा, हरकत नाही. पण ९७८ कोटींची मोहीम आणि तिच्यातून शिकलेले धडे पूर्णच झाकून ठेवावेत, असे त्यात काय आहे? चांद्रयान-४ ला २,१०४ कोटी मंजूर झाले आहेत, जपानबरोबरची मोहीम त्यामागोमाग आहे. त्या याने बनवणारी मुले आज कुठल्या तरी इंजिनिअरिंग कॉलेजात आहेत. त्यांच्या शिक्षकांकडे विक्रमविषयी वर्तमानपत्रांच्या कात्रणांपलीकडे काही नाही.

मागणी दोन कागदांची आहे. एक, आपल्या समितीचा अहवाल. दुसरा, ७ सप्टेंबरनंतर त्या दोन आठवड्यांत कोणत्या अँटेनातून, कोणत्या वारंवारतेवर, किती वेळा हाक मारली आणि प्रयत्न थांबवायचे केव्हा ठरले, याची नोंदवही. दोन्ही इस्रोच्या संकेतस्थळावर टाकावेत. त्यासाठी नवी समिती नेमायची गरज नाही, आपली सही पुरेल.

आपला,
नागपूरचा एक आकाशनिरीक्षक