बी बाजूचं शेवटचं गाणं

फोंडा, गोवा
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय दोस्ता,

फोनवर तू विचारलंस तेव्हा मी 'बघूया रे' म्हणून वेळ मारून नेली. दुकानात दोन गिऱ्हाइकं मोबाइलला काच बसवून घ्यायला उभी होती, त्यांच्यासमोर मला रडगाणं गायचं नव्हतं. पाटीवर अजून 'कॅसेट सेंटर' आहे, बरं का. पेंटरने रंगवलेली अक्षरं खरवडायचा धीर होत नाही, म्हणून खाली 'रिचार्ज, रिपेअरिंग'चा स्टिकर चिकटवलाय.

तर तुझा प्रश्न. लेकीने आठ अभंग बसवलेत, त्यांचा अल्बम काढावा का आणि स्टुडिओचा खर्च निघेल का. खर्च निघणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस आठवतात तुला? मुंबईहून रात्रीच्या बसने खोकी यायची आणि ती फोडायला तू कॉलेज बुडवून बसायचास. आरत्या, भजनं, नाट्यगीतं. सासष्टीकडची माणसं तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकांतल्या, कांतारांच्या (गाण्यांच्या) कॅसेटी मागायची. गल्फला परतणारा तर एकाच कॅसेटच्या तीन-तीन प्रती बॅगेत कोंबायचा. गिऱ्हाईक काउंटरवर एक गाणं ऐकायचं आणि पैसे आठांचे मोजायचं. उरलेली सात कशी आहेत ते घरी गेल्यावर कळणार. यात थोडी फसवणूक होतीच. एका चालत्या गाण्याच्या पाठीवर किती भिकार गाणी आपण खपवली, ते तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही!

आणि आता लोक अ‍ॅपच्या नावाने बोटं मोडतात तेव्हा मला आपलं मागचं टेबल आठवतं. दोन डेकचा तो टेप, शेजारी कोऱ्या टीडीके कॅसेटींची चळत. लोक चिठ्ठी घेऊन यायचे: बारा गाणी, बारा वेगवेगळ्या कॅसेटींतली, साठच्या कॅसेटवर भरून द्या. आज त्याला प्लेलिस्ट म्हणतात. कायद्याने ती चोरी होती, आपण तिला 'भरून देणं' म्हणायचो. म्हणजे अल्बम मोडायला आपणच लागलो होतो, पात्रांव. १९९९ साली नेटवरून गाण्यांची फुकट देवाणघेवाण करणारं नॅपस्टर आलं ते आपलंच मागचं टेबल, फक्त जगाएवढं. मग २००३ मध्ये अ‍ॅपलने एकेक गाणं ९९ सेंटला सुटं विकायला काढलं आणि मोळीची दोरीच तुटली. अमेरिकेत २००० साली सुमारे ९४ कोटी सीडी बाजारात गेल्या होत्या. २०२२ मध्ये गेल्या ३.३ कोटी.

धंदा मेला असं मात्र समजू नकोस. ध्वनिमुद्रित संगीताची जगभरची कमाई २०१४ पर्यंत घसरली होती, ती स्ट्रीमिंगने अशी वर काढली की २०२३ मध्ये २८.६ अब्ज डॉलरवर पोचली. त्यातला दोन तृतीयांश पैसा स्ट्रीमिंगचाच. पैसा आहे रे. तो तुझ्या लेकीपर्यंत कसा येतो, किंवा येत नाही, ते नीट समजून घे.

गाणं एकदा वाजलं की अमुक पैसे असा ठरलेला दर नसतो. वर्गणीचे आणि जाहिरातींचे पैसे एका हंड्यात जमतात, आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा तेवढं त्याच्या पदरात. आपल्याकडे बहुतेक जण फुकट, जाहिराती सोसत ऐकतात, त्यामुळे हंडाच उथळ. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की ते ऐकलं असं धरतात. आणि २०२४ पासून वर्षभरात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला तिथे काहीच मिळत नाही. आता आठ अभंगांतला सातवा कोण हजारदा ऐकणार, सांग.

माझ्या डोक्यात तेच घोळतंय. आपल्या काउंटरवर माणूस ऐकायच्या आधी पैसे द्यायचा. सातवं गाणं वर्षभर कुणाला आवडलं नाही तरी त्याची किंमत पहिल्याच दिवशी चुकती झालेली असायची. शिवाय फॉरवर्ड करायचा कंटाळा, म्हणून ते वाजत राहायचं, आणि कधीतरी पावसाळ्यात, भात कालवता कालवता, आपण तेच गुणगुणतोय असं लक्षात यायचं. आता पैसे ऐकल्यावर, तेही मापून. उशिरा आवडणाऱ्या गाण्याने तोवर खायचं काय?

अर्थात अल्बम म्हणजे काही सनातन चीज नव्हे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. त्या ठेवायला फोटोंच्या अल्बमसारखी खिशांची वही असे, तिचं नाव पुढे १९४८ नंतरच्या एलपीला, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीला, चिकटलं. आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचं 'जात कहां हो' साडेतीन मिनिटांचं, एकटंच. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांवर चढलं आणि ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलं. आपली एकही कॅसेट कारवारच्या पुढे गेली नसेल.

तेव्हा माझं ऐक. अभंग महिन्याला एक असे सोड, आठही झाले की एकत्र लाव. शंभरेक सीडी काढ, पण दुकानासाठी नव्हे. कार्यक्रम झाल्यावर तिथेच, तिच्या हातून विकायच्या. लोकांकडे प्लेअर नसतो, तरी घेतात. अमेरिकेत २०२२ मध्ये एलपीसारख्या तबकड्या सीडींपेक्षा जास्त खपल्या, चार कोटींच्या वर, १९८७ नंतर पहिल्यांदाच. हातात धरायला काहीतरी हवंच असतं माणसाला. आणि तीस सेकंदांच्या हिशेबापायी कुणी सुरुवातीचा आलाप छाटायला सांगितलं तर उठून ये. तेवढं एक माझ्यासाठी कर.

परवा माळ्यावर आपल्या भजनी मेळाची ती कॅसेट सापडली. बी बाजूला शेवटी तुझी गौळण आहे, जी तू 'पुसून टाक' म्हणून माझ्या मागे लागला होतास. मी पुसली नव्हती. वाजवून बघायला गेलो तर टेपचा बेल्ट ढिला. तू म्हातारा भटजी गातोय तसा ऐकू आलास. चतुर्थीला येशील तेव्हा तुझा टेप घेऊन ये. आणि लेकीला आणायला विसरू नकोस.

तुझाच,
दुकानदार